पहिल्या वर्षाच्या मुलांना अभ्यास शिकवायचा तर

पहिल्या चाचणीचे पेपर परत मिळाले की वर्गात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मॅडम, वाचलं होतं हो सगळं, पण ऐन वेळी आठवलंच नाही." याला सबब समजून झटकून टाकू नका. मुलं बहुतेक वेळा खरंच सांगत असतात. त्यांनी वाचलेलं असतं, जागरणं केलेली असतात, हायलायटरनं पानंच्या पानं पिवळी केलेली असतात. मेहनत कमी पडलेली नसते. आपल्याला हे आलंय की नुसतं ओळखीचं वाटतंय, हे पेपराआधी स्वतःचं स्वतः कसं पडताळायचं, ते मात्र त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

मी पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवते आणि अभ्यास कसा करायचा हे शिकवायचं कामही दरवर्षी माझ्याकडेच येतं. त्या अनुभवातून, वाचणारेही शिक्षकच असतील असं धरून, हे लिहिते आहे. तुमचा विषय वेगळा असला तरी थोडंफार इकडेतिकडे करून पद्धत लागू पडेल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. ही कौशल्यं व्याख्यानानं येत नाहीत. सत्राच्या सुरुवातीला सगळ्यांना सभागृहात बसवायचं, 'वेळेचं व्यवस्थापन', 'एकाग्रता', 'सकारात्मक दृष्टिकोन' अशा स्लाइड दाखवायच्या, मुलांनी टाळ्या वाजवायच्या आणि दुसऱ्या दिवशी सगळं जैसे थे. त्या दोन तासांत मुलांकडे अभ्यासाला धडाच नसतो, मग कौशल्य वापरणार कशावर? म्हणून शिकवायचं ते चालू धड्यावर, त्याच आठवड्याच्या मजकुरावर, तासातली दहा-पंधरा मिनिटं काढून. "मग सिलॅबस कधी पुरा करायचा?" हा प्रश्न स्टाफरूममध्ये लगेच येतो. ती दहा मिनिटं सिलॅबसवरच खर्च होत असतात. उजळणी तशीही करून घ्यावी लागते, ती इथे आपोआप होते.

पुस्तक मिटा, कोरा कागद काढा

सगळ्यात आधी हे शिकवा. बाकी काही जमलं नाही तरी एवढं जमवा.

मागणीचा धडा झाला की दुसऱ्या दिवशी तास सुरू होताच मी सांगते, "वह्या-पुस्तकं बंद, मोबाईल बॅगेत, एक कोरा कागद काढा. नाव लिहू नका." फळ्यावर एकच ओळ लिहिते: 'मागणीतील विचलन आणि मागणीतील बदल.' काल जे झालं ते आठवेल तसं लिहायचं, आकृतीही काढायची. वेळ सात मिनिटं. पहिलं मिनिट कुजबुजीत जातं. मग सगळे लिहायला लागतात आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला पेनं थांबतात. कुणी छताकडे बघतं, कुणी शेजाऱ्याच्या कागदाकडे. इथे आपल्यालाच राहवत नाही, एखादा धागा पकडून द्यावासा वाटतो. देऊ नका. आठवायची धडपड चालू असते तेव्हाच शिकणं घडत असतं, आणि ते शांतपणे बघत उभं राहणं शिक्षकाला जड जातं.

सात मिनिटं झाली की वही उघडायची आणि वेगळ्या रंगाच्या पेनानं राहिलेलं भरायचं, चुकलेलं दुरुस्त करायचं. निळ्यात लिहिलेलं म्हणजे आपल्याला येत होतं ते, लालमध्ये लिहिलेलं म्हणजे येतंय असं नुसतं वाटत होतं ते. हा दोन रंगांचा कागद ज्याचा त्यानं स्वतःकडे ठेवायचा. गुण नाहीत, सही नाही, रजिस्टरमध्ये नोंद नाही. गुण लावले की मुलं शेजारी बघून लिहितात आणि सगळ्या खटाटोपावर पाणी पडतं.

या धड्यात लाल रंग कुठे सांडतो, ते मला आता पाठ झालंय. 'किंमत कमी झाली की मागणी वाढते' असं लिहून बहुतेक मुलं अख्खा मागणी वक्रच (किंमत आणि मागणी यांचं नातं दाखवणारी रेषा) उजवीकडे सरकवतात. खरं तर नुसती किंमत बदलली तर आपण त्याच वक्रावर वर-खाली होतो; तो विस्तार किंवा संकोच. वक्र जागचा हलतो तो उत्पन्न, आवडनिवड, दुसऱ्या वस्तूंच्या किमती अशी इतर कारणं बदलली की. ती वृद्धी किंवा ऱ्हास. पुस्तकात दोन्ही व्याख्या एकाखाली एक छापलेल्या असतात आणि वाचताना इतक्या सरळ वाटतात की घोटाळा होऊ शकेल अशी शंकाही येत नाही. आकृती स्वतः काढायला घेतली की घोटाळा उघडा पडतो. तुमच्याही विषयात अशा जोड्या असतील: वेग आणि त्वरण, उष्णता आणि तापमान, सहसंबंध आणि कार्यकारणभाव. पहिला कोरा कागद अशाच जोडीवर द्या. सोप्या मुद्द्यावर दिला तर सगळं निळंच येतं आणि मुलांचा गैरसमज आणखी पक्का होतो.

हे का करायचं, ते मुलांना आकड्यांत सांगा. पहिल्या वर्षाची मुलं 'आम्ही सांगतो म्हणून करा' याला बधत नाहीत आणि ते बरंच आहे. 2006 मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं एका सत्रात वाचला आणि पुढच्या तिन्ही सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, साधारण 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना 61. मी हे चारही आकडे फळ्यावर लिहिते आणि विचारते, "आपला पेपर पाच मिनिटांनी असतो की आठवड्यानं?" गंमत अशी की आपल्याला जास्त आठवेल असा भरवसा वाचणाऱ्या गटालाच अधिक होता. रात्री वाचलेलं सकाळी 'सगळं झालंय' असं वाटण्यामागे हाच फसवा भरवसा असतो.

तरी मुलं असं करत नाहीत. याच कार्पिकी-रोडिगर मंडळींनी 177 विद्यार्थ्यांना ते अभ्यास कसा करतात असं विचारलं होतं. ते 2009 मध्ये छापून आलं. 84 टक्क्यांनी नोट्स किंवा पुस्तक पुन्हा वाचतो असं सांगितलं, स्वतःची परीक्षा घेतो असं म्हणणारे 11 टक्के होते. म्हणजे तुमचा वर्ग काही जगावेगळा नाही.

घरी करायला सांगताना पाल्हाळ लावू नका. रोज झोपायच्या आधी, त्या दिवशीच्या कुठल्याही एका तासाचा, पाच मिनिटांचा कोरा कागद. बस्स.

पान वाचायचं कसं, ते वाचून दाखवा

'नीट वाचा' हे आपण वर्षभर सांगतो. नीट म्हणजे कसं, ते दाखवत नाही. महाविद्यालयातलं पुस्तक शाळेतल्या पुस्तकासारखं नसतं. एका वाक्यात तीन संकल्पना कोंबलेल्या असतात. अनुभवी वाचक अशा वाक्यापाशी थांबतो, मागे जातो, मनात उदाहरण घेऊन बघतो. हे सगळं त्याच्या डोक्यात होतं, म्हणून मुलांना दिसत नाही. त्यांना वाटतं हुशार माणसं झरझर वाचत जातात.

म्हणून मी पुस्तकातलं एक पान पडद्यावर लावते आणि माझ्या डोक्यात जे चाललंय ते मोठ्यानं बोलत वाचते. समजा वाक्य आहे, 'किमतीतील शेकडा बदलापेक्षा मागणीतील शेकडा बदल अधिक असेल तर मागणी जास्त लवचिक असते.' माझं वाचन साधारण असं चालतं:

"शेकडा बदल... नुसता बदल नाही म्हटलंय. का बरं? कारण दहा रुपयांची वाढ पेनाला मोठी आणि गाडीला काहीच नाही. बरं. आता आकडे घालून बघते. किंमत 10 टक्के वाढली, मागणी 20 टक्के घटली. 20 भागिले 10, दोन. एकापेक्षा जास्त, म्हणजे जास्त लवचिक. उलट मागणी पाचच टक्के घटली असती तर अर्धा, म्हणजे कमी लवचिक. मग बरोबर एक आला तर? ते इथे दिलेलं नाही, खाली असेल. समासात प्रश्नचिन्ह टाकते आणि पुढे जाते."

एका वाक्याला दोन मिनिटं. मुलं चक्रावतात. मागच्या बाकावरून "मॅडम, असं वाचत बसलं तर धडा कधी संपणार?" असं येतंच. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर द्यायला हवं: प्रत्येक वाक्य असं वाचायचं नसतं. व्याख्या, आकृतीखालची ओळ आणि 'म्हणून', 'परंतु', 'याउलट' यांनी सुरू होणारी वाक्यं अशी वाचायची. बाकीचा मजकूर पुढे सरकत वाचला तरी चालतो. कुठलं वाक्य थांबण्याच्या लायकीचं आहे हे ओळखणं हाच वाचनातला निम्मा भाग. मग पुढचं पान जोड्या लावून द्यायचं: एकानं मोठ्यानं विचार करत वाचायचं, दुसऱ्यानं जोडीदार कुठे न थांबता पुढे गेला तिथे पेन्सिलनं खूण करायची.

फ्रान्सिस रॉबिन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1946 मध्ये पाच पायऱ्यांची एक वाचनपद्धत मांडली: आधी नजर फिरवा, प्रश्न तयार करा, वाचा, न बघता सांगा, उजळणी करा. आजही अभ्यासकौशल्यांच्या बहुतेक पुस्तिकांत ती असते. पाचही पायऱ्या पाळणारं मूल माझ्या पाहण्यात नाही आणि मी तसा आग्रहही धरत नाही. त्यातली दुसरी तेवढी उचला. धड्यातल्या प्रत्येक उपशीर्षकाचा प्रश्न करायचा आणि मगच वाचायला लागायचं. 'लवचिकतेवर परिणाम करणारे घटक' असं शीर्षक असेल तर 'एखाद्या वस्तूची किंमत वाढली तरी लोक ती घेतच राहतात, असं कशामुळे?' असा प्रश्न. पहिल्या आठवड्यात मुलं शीर्षकापुढे नुसतं प्रश्नचिन्ह जोडून आणतात. ते परत करायचं आणि 'का' किंवा 'कसं' घालून आणायला सांगायचं.

मजकूर स्वतःच्या शब्दांत मांडण्याची सवयही इथेच लावता येते. परिच्छेद वाचला की नजर वर करायची आणि शेजाऱ्याला एका वाक्यात सांगायचं. पुस्तक समोर उघडं ठेवून 'स्वतःच्या शब्दांत' लिहायला बसलं की मुलं 'अधिक'चं 'जास्त' करतात, 'परंतु'चं 'पण' करतात आणि वाक्य तसंच ठेवतात. पुढे हीच मुलं प्रकल्पात उचलेगिरीच्या आरोपात सापडतात आणि आपण नेमकं काय चुकलो हे त्यांना प्रामाणिकपणे कळत नाही.

नोट्स

फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवणं म्हणजे नोट्स, अशी ठाम समजूत घेऊन मुलं येतात. ती मोडायला मला कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी रुजवलेली मांडणी उपयोगी पडते, कारण तिला पट्टी आणि पेन्सिल सोडून काही लागत नाही. पानाच्या डावीकडे साधारण अडीच इंचांची पट्टी आखायची, खाली दोन इंच मोकळे सोडायचे. तासात जे लिहायचं ते उजवीकडच्या मोठ्या भागात. डावी पट्टी तासात कोरीच राहते. तास संपल्यावर, शक्यतो त्याच दिवशी, उजवीकडच्या मजकुराला उत्तर मानून डावीकडे त्याचे प्रश्न लिहायचे. खालच्या दोन इंचांत पूर्ण पानाचा मथितार्थ दोन-तीन वाक्यांत.

बहुतेक मुलं पट्टी आखतात, प्रश्न लिहीत नाहीत. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे तासाची शेवटची पाच मिनिटं मी बोलणं थांबवते आणि प्रश्न वर्गातच लिहून घेते. पेपराच्या आधी वहीचा उजवा भाग कागदानं झाकून नुसत्या डाव्या पट्टीतल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, म्हणजे स्वतःची परीक्षा घेण्याचं साधन आयतंच तयार असतं. डावी पट्टी भरायची नसेल तर मग साध्या वहीनंही काम भागतं.

लॅपटॉपवर लिहावं की हातानं, यावर बराच काथ्याकूट झालाय. 2014 मध्ये म्यूलर आणि ओपेनहायमर यांच्या अभ्यासात हातानं लिहिणारे संकल्पनांच्या प्रश्नांत सरस ठरले होते. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा फरक तेवढा ठळक दिसला नाही. मी बंदी घालत नाही. पण जो टाइप करतो त्यानं माझं वाक्य शब्दशः उतरवलेलं दिसलं, तर तिथल्या तिथे ते अर्ध्या ओळीत आणायला लावते.

वेळ

वेळापत्रक करायला मुलांना भारी आवडतं. रंगीत खडू घेऊन पहाटे पाचपासूनचं आखतात, दोन दिवस पाळतात, तिसऱ्या दिवशी भिंतीवर तसंच राहतं. त्यावर वेळ घालवू नका. खरी अडचण वेगळीच आहे. कामाला किती वेळ लागेल, याचा अंदाज माणसाला येत नाही. 1994 मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो कधी पुरा होईल असं विचारलं. सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा आला. प्रत्यक्षात लागले सुमारे 55. आणि ही मुलं शेवटच्या वर्षाची होती.

अंदाज सुधारायला शिकवता येतं. एखादी असाइनमेंट द्याल तेव्हा दोन गोष्टी करून घ्या. एक, वरच्या कोपऱ्यात 'मला किती तास लागतील' ते लिहायचं आणि जमा करताना त्याच्या शेजारी प्रत्यक्ष लागलेले तास. चार-पाच असाइनमेंट झाल्या की प्रत्येकाला आपला आपला गुणक सापडतो. कुणाचा दीड, कुणाचा तीन. मग तो पुढच्या अंदाजाला लावायचा. दोन, मुदतीच्या तारखेपासून उलटं मोजत यायचं. 20 तारखेला जमा करायचं तर 18 ला पक्की प्रत, 15 ला कच्चा खर्डा, 11 ला वाचन संपलेलं, म्हणजे पुस्तक 8 लाच हातात हवं. फळ्यावर हे एकदा करून दाखवलं की वर्गात शांतता पसरते, कारण आज बहुधा 8 तारीखच असते.

उजळणी विभागून करायची, हे जुनंच सूत्र. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरजोड्या पाठ करत स्वतःवरच प्रयोग केले आणि आपण किती भराभर विसरतो ते 1885 मध्ये मांडून ठेवलं. 2013 मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, त्यात सर्वांत उपयुक्त म्हणून दोनच निघाल्या: स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांत विभागणं. मुलांची लाडकी हायलायटर आणि पुन्हा पुन्हा वाचणं, दोन्ही खालच्या गटात गेली. पण 'विभागून अभ्यास करा' असं नुसतं सांगून कुणी करत नाही. ते तुमच्या चाचण्यांत बसवा. माझ्या दर आठवड्याच्या छोट्या चाचणीत पाचपैकी दोन प्रश्न जुन्या धड्यांवरचे असतात. कुठल्या, ते सांगत नाही. सुरुवातीला कुरकुर होते. नंतर मुलं जुनी पानं आपणहून चाळायला लागतात. गणिताच्या शिक्षकांनी तर एका प्रकारची वीस गणितं सलग देण्याऐवजी प्रकार मिसळून द्यावीत. पेपरात कुठलं सूत्र लावायचं हे वर लिहिलेलं नसतं, ते ओळखायचा सराव सलग गणितांत होतच नाही.

पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं विश्रांती ही फ्रान्चेस्को सिरिलो यांची युक्तीही सांगून ठेवा. ज्यांना सुरुवात करणंच जड जातं त्यांना उपयोगी पडते. मोबाईल मात्र दुसऱ्या खोलीत. उपडा करून टेबलावर ठेवणं म्हणजे काही लांब ठेवणं नव्हे.

आणखी एक जाता जाता. 'मी व्हिज्युअल लर्नर आहे, मला वाचून कळत नाही' असं सांगणारी मुलं भेटतील. प्रत्येकाची शिकण्याची शैली वेगळी आणि त्या शैलीत शिकवलं तरच कळतं, या समजुतीला पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्येच काढला होता. मुलांना दुखवू नका, पण पळवाटही देऊ नका. आकृती आणि शब्द दोन्ही सगळ्यांनाच लागतात.

प्रश्न वाचणं आणि प्रश्न विचारणं

'स्पष्ट करा', 'तुलना करा', 'चर्चा करा', 'मूल्यमापन करा' या चारही आज्ञांना मुलं एकच उत्तर देतात: त्या विषयावर जे जे आठवतंय ते सगळं. एका तासात हे सुटू शकतं. एकच विषय घ्या, चारही क्रियापदांनी चार प्रश्न तयार करा आणि उत्तरं लिहून न घेता नुसते आराखडे करून घ्या. 'तुलना' म्हटलं की निकष आधी ठरवायचे आणि दोन्ही बाजू प्रत्येक निकषाला तोलायच्या. 'अ'वर अर्धं पान आणि 'ब'वर अर्धं पान म्हणजे तुलना नाही. 'मूल्यमापन' म्हटलं की शेवटी ठरवून मत द्यायचं आणि ते का, तेही लिहायचं. इथे मुलं अडखळतात. "मॅडम, माझं मत लिहिलं तर चालतं?" हे त्यांनी विचारलं की समजा, इतकी वर्षं कुणी त्यांना मत विचारलेलंच नाही. चालतं, पण पुराव्यासकट चालतं, एवढं सांगा आणि तशा उत्तराला खरोखर गुण द्या.

शंका विचारणं हेही शिकवावंच लागतं. "काही शंका?" या प्रश्नाला वर्गातून कधीच उत्तर येत नाही, तेव्हा तो विचारणं सोडून द्या. त्याऐवजी शेवटच्या दोन मिनिटांत एक चिठ्ठी: आज कळलेली मुख्य गोष्ट आणि न कळलेली एक. दुसऱ्या दिवशी त्यातल्या दोन-तीन शंकांनी तास सुरू करायचा. चिठ्ठ्यांवर 'सगळं कळलं' असं आलं तर मी ती परत करते. अर्धवट कळलेलं काहीतरी असतंच.

भेटायला येणाऱ्या मुलांसाठी मी एक अट ठेवली आहे. 'धडा कळला नाही' घेऊन यायचं नाही. 'इथपर्यंत कळलं, या ओळीपाशी अडलो, मला असं वाटतंय, बरोबर आहे का?' असं घेऊन यायचं. अट ऐकायला कडक वाटते, पण त्यामुळे एरवी घाबरणारी मुलंच जास्त येतात. काय बोलायचं ते त्यांना आधीच ठाऊक असतं. एआयला विचारणाऱ्यांनाही हेच लागू. आधी स्वतःचं उत्तर लिहा, मग त्याला त्यातल्या चुका दाखवायला सांगा, आणि तो जे सांगेल ते पुस्तकाशी ताडून बघा. आधीच उत्तर मागितलंत तर वाचायला छान मिळेल, येणार काही नाही.

पेपर परत देताना

गुण बघून पेपर बॅगेत कोंबला जातो आणि त्या पेपरातून शिकता येण्यासारखं सगळं तिथेच संपतं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या मार्शा लव्हेट यांनी यावर एक साधा उपाय मांडलाय. तपासलेल्या पेपराबरोबर एक प्रश्नावली द्यायची आणि ती वर्गातच भरून घ्यायची. माझ्या कागदावर चारच प्रश्न आहेत. अभ्यासाला किती तास दिले आणि ते किती दिवसांत विभागले? त्यातला किती वेळ पुस्तक उघडं होतं आणि किती वेळ मिटलेलं? गमावलेला प्रत्येक गुण कशामुळे गेला: मुद्दा कळला नव्हता, कळला होता पण आठवला नाही, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ पुरला नाही? पुढच्या चाचणीसाठी एकच गोष्ट वेगळी करायची तर कुठली?

तिसऱ्या प्रश्नाला वेळ द्या. मुलं आधी सरसकट 'अभ्यास कमी पडला' असं लिहितात. उत्तरपत्रिका उघडून, प्रश्नागणिक, कारणाच्या रकान्यात गुण भरायला लावा. मग चित्र बदलतं. एखाद्या मुलीचे सहा गुण 'आकृतीवर नावं दिली नाहीत' यातच गेलेले असतात आणि ती मात्र अख्खा धडा पुन्हा वाचायला निघालेली असते. चौथ्या प्रश्नाला 'जास्त मेहनत करीन' हे उत्तर चालत नाही, हे आधीच सांगून ठेवा. 'रविवारी उजवा भाग झाकून डाव्या पट्टीतले प्रश्न सोडवीन' हे चालतं.

या कागदांवरून आणखी एक कळतं. काही मुलांचा प्रश्न कौशल्याचा नसतोच. रात्रपाळीची नोकरी, घरातलं आजारपण, झोपेचं खोबरं, मन थाऱ्यावर नसणं. अशा मुलाला नोट्सची मांडणी शिकवत बसू नका. एकटं गाठून बोला, समुपदेशकाकडे किंवा मदत करू शकेल अशा माणसाकडे स्वतः घेऊन जा, नुसता पत्ता देऊ नका.

भरलेले कागद मी गोळा करून ठेवते आणि पुढच्या चाचणीच्या दोन आठवडे आधी ज्याचे त्याला परत देते. मधल्या काळात तिसऱ्या प्रश्नाची बेरीज माझ्यासाठी करून ठेवते. अर्ध्या वर्गाचे गुण एकाच प्रश्नात 'मुद्दा कळला नव्हता' या रकान्यात गेले असतील, तर तो मुद्दा मी पुन्हा शिकवायला घेते, वेगळं उदाहरण घेऊन.